अर्ध्यावर थांबलेली सुई

१

कोट चोरीला गेला होता, आणि जाताना चोरानं कपाट पुसून ठेवलं होतं.

फोनवर मला हे खरं वाटेना. गुरुवारी सकाळी दुकानात जाऊन पाहिलं, तर खरंच तसं. शिंप्याच्या दुकानात शिरताच समोर काचेचं उभं कपाट, त्यात वर्षानुवर्षं एकच वस्तू टांगलेली असे, आजोबांचा निळा लोकरी कोट. आता तिथं नुसता हँगर लोंबत होता. काच शाबूत, कुलूप लावलेलं, किल्ली मागच्या खिळ्यावर नेहमीच्या जागी. तळाच्या फळीवरची धूळ मात्र कुणीतरी ओल्या फडक्यानं टिपून घेतली होती.

"इतका नीटनेटका चोर मी जन्मात पाहिला नाही," मी म्हणाले.

थोरल्यांना हसू आलं नाही. थोरले म्हणजे आजोबांचे मोठे नातू, दुकानाचे मालक. हा माणूस गळ्यात टेप घालूनच जन्माला आला असावा अशी माझी समजूत आहे. "ताई, रविवारी सगळे नातेवाईक जमायचेत," ते म्हणाले. "दुकानाला पाऊणशे वर्षं होतात. कोटाभोवती उभं राहून फोटो काढायचा होता. आजोबा या गावात आले ते अंगावरच्या त्या कोटानिशी. दुसरं काहीच नव्हतं त्यांच्याजवळ."

"आत्या होती की बरोबर," त्यांचा धाकटा भाऊ शिलाई मशीनवर कोपर टेकून म्हणाला. "पण आत्याला कपाटात टांगता येत नाही."

मी काही पोलीस नाही. मी लोकांच्या वंशावळी शोधून देते. कुणाचे पणजोबा कुठून आले, कुणाची चुलत घराणी कुठं पांगली, असल्या उचापतींवर माझं पोट चालतं. थोरल्यांनी रविवारसाठी घराण्याचा वृक्ष मागितला होता, म्हणून महिनाभर मी त्यांच्याकडे येऊन-जाऊन होते. आणि हा कोट नाहीसा व्हायला मीच कारण झाले होते, याची मला पहिल्या मिनिटाला खात्री पटली.

झालं होतं असं. बुधवारी संध्याकाळी दुकानाच्या वरच्या घरात आम्ही सगळे चहाला बसलो होतो. आत्या, म्हणजे आजोबांची मुलगी, नव्वदीला टेकलेली, दिव्याखाली बसून माझ्या स्वेटरची सुटलेली गुंडी लावत होती. चष्मा कपाळावर ढकललेला, आणि सुई पहिल्या झटक्यात ओवलेली. मी मात्र शहाणपणा पाजळायला गेले. म्हणाले, "कोटाची पाठ हाताला जाड लागते हो. अस्तराच्या आत काहीतरी आहे. उद्या उसवून बघू या का?"

थोरल्यांचा चेहरा पडला. त्यांच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, "कसर असेल आत, दुसरं काय!" म्हणून नाक मुरडलं. धाकट्यानं विचारलं, "सोनं?" दुकानात चाळीस वर्षं काजं करणारे काजवाले काका चहाचा कप बशीत ठेवायला गेले तो टेबलावरच ठेवून बसले. आणि आत्यांनी दातानं दोरा तोडला. "घे. लावली गुंडी. आता तरी ओढून काढू नकोस."

रात्रीतून कोट गेला. त्या टेबलापाशी बसलेल्या पाचांपैकी एकाला, अस्तरात काय आहे ते आधीपासून ठाऊक होतं.

२

माझ्या मनात काय होतं ते इथंच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई उगाच कोडी घालते.

आजोबांचा माग काढताना मी भिंतीवर आपटले होते. या गावात त्यांनी दुसरं लग्न केलं. त्या लग्नातून मुलगा झाला, त्याचीच ही दोन मुलं, थोरले आणि धाकटा. मुलगा आता हयात नाही. इथवर सगळं सरळ. पण लग्नाच्या वेळी आजोबांनी जे जन्मगाव सांगितलं, तिथं चौकशी केली तर त्या नावाचं माणूसच जन्मलं नव्हतं. माणूस आभाळातून पडावा तसा. तिशी ओलांडलेला, अंगात कोट, बोटाला धरलेली एक लहान मुलगी.

अशा वेळी माझी एक रीत आहे. घरात काय काय करता, हे मी विचारत नाही. ते सगळे सांगतात, आणि त्यातलं निम्मं शेजाऱ्यांचं पाहून उचललेलं असतं. मी विचारते, काय करत नाही? माणसं देव बदलतात, नाव बदलतात, बोली बदलतात. नकार मात्र तसेच राहतात. का ते विसरलं तरी राहतात.

वहिनींना हा प्रश्न फार आवडला. दहा वर्षं साठलेलं बाहेर आलं. "अहो, अंड्यात रक्ताचा बारीकसा ठिपका दिसला तरी या घरात ते टाकून देतात! डोळ्यांदेखत! आणि आजोबांच्या कबरीवर कुणी फूल ठेवायचं नाही. लोक फुलं नेतात, आमच्या आत्या वाटेवरचे खडे नेतात. मी म्हटलं, आत्या, निदान धुऊन तरी न्या."

काजवाले काकांनी तिसरा नकार सांगितला. या दुकानात लोकरीच्या कपड्याला लिनन लावत नाहीत. अस्तरात नाही, आत घालायच्या कडक कॅनव्हासमध्ये नाही, दोऱ्यात नाही. गिऱ्हाईक पाया पडलं तरी नाही. "मोठ्या मालकांचा नियम. मी एकदा का म्हणून विचारलं, तर म्हणाले, 'भांडतात एकमेकांत.' आता कापडं काय भांडणार! पण मी आजवर लावलं नाही."

तीन नकार मी एकापुढे एक ठेवले. हे तिन्ही एकत्र पाळणारी जी माणसं मला माहीत आहेत, ती ज्यू. आजोबा ज्यू असावेत, कुठूनतरी जीव घेऊन पळालेले असावेत, आणि इथं येऊन त्यांनी ते सगळं गिळून टाकलं असावं. पण हा माझा तर्क होता, आणि तर्काला वंशावळीत फांदी मिळत नाही. म्हणून मला ते अस्तर हवं होतं.

आणखी एक सांगायचं राहिलं. माझ्या धंद्यातल्या प्रत्येकाचं एक न सुटलेलं प्रकरण असतं. दुखऱ्या दातासारखं, जीभ सारखी तिथंच जाते. माझं प्रकरण म्हणजे मनगटवाली. दूर देशातली एक म्हातारी. तान्ही असताना कुणीतरी तिला परक्या दारात ठेवून गेलं. मनगटाला पांढऱ्या दोऱ्यांचा, गाठी मारलेला एक गोंडा बांधलेला होता, बाकी काही नाही. तिला इस्टेट नको, देश नको, नातेवाईक भेटले तर बरेच, पण त्यांचाही हट्ट नाही. तिला एकच हवं होतं. "माझं नाव काय होतं तेवढं शोधून दे. आईबापांनी काहीतरी हाक मारली असेल की नाही?" दर महिन्याला फोन करते, मी नाही म्हणते, आणि ती फोन ठेवताना म्हणते, "लवकर बघ. मी काही कायमची नाहीये."

या महिन्यातही मी तिला नाहीच म्हटलं होतं.

३

गुरुवार आणि शुक्रवार मी चौकशीत घालवले. चौकशी म्हणजे प्रत्येकाच्या शेजारी जाऊन बसायचं आणि तो जे काम करत असेल त्यात लुडबुड करायची.

धाकटा इस्त्री करत होता. त्याचा एक मित्र जुन्या कपड्यांचा शौकीन, कोटावर त्याचा कधीपासून डोळा. "हो, विकावा असं मी म्हणालो होतो. दादा दोन दिवस बोलला नाही माझ्याशी. पण ताई, मी चोरला असता तर कपाट पुसलं असतं का? माझी खोली बघा एकदा."

"ते मात्र खरं," आतून वहिनींचा आवाज आला. "त्याच्या खोलीत कोट ठेवला असता तर तोही परत सापडला नसता."

वहिनींचं म्हणणं, कोट गेला ते बरंच झालं, पण त्यांनी घेतला नाही. त्यांनी घेतला असता तर ड्रायक्लीनला टाकून परत आणला असता.

थोरले कापड बेतत होते. खडूची रेघ ओढता ओढता थांबले. "आजोबांचा टाका मी उसवायचा? ताई, बुधवारी तुम्ही ते बोललात तेव्हापासून मला झोप नाही. आतून काय निघेल, कुणास ठाऊक. ते कोण होते हे मला कळायला हवं, आणि कळायला नकोही. तुम्हाला काय वाटेल ते वाटो." त्यांनी ओढलेली रेघ पुसून टाकली. या माणसानं कोट लपवला असता, तर मला त्याचा रागही आला नसता.

काजवाले काका मात्र सरळसरळ खोटं बोलले. बुधवारी चहानंतर मी थेट घरी गेलो, म्हणाले. धाकट्यानं त्यांना बऱ्याच उशिरा, घराच्या उलट दिशेच्या रस्त्यावर पाहिलं होतं. मी तसं म्हटल्यावर त्यांनी शिवताना घालायचं अंगुस्तान बोटातून काढलं, पुन्हा घातलं, आणि म्हणाले, "म्हाताऱ्या माणसानं फिरायला जाऊ नये की काय?" पुढं तोंडाला कुलूप.

शुक्रवारी संध्याकाळी मी आत्यांकडे गेले. जिन्याच्या वळणावर खिडकीशी मोठी लाकडी पेटी आहे, तिच्यात घरातल्या चादरी-टेबलक्लॉथ असतात. तिच्या कडेवर टेकून आत्या बाहेर मावळतीकडे बघत बसल्या होत्या. दोन्ही हात मांडीवर. आत्यांचे हात रिकामे पाहणं म्हणजे घड्याळ बंद पडलेलं पाहणं.

"आत्या, दुसरी गुंडीही सैल झाली," मी स्वेटर पुढं केला.

"रविवारी आण. शुक्रवारी संध्याकाळी माझे डोळे चालत नाहीत. उद्याही नाहीत. आठवडाभराचा शीण असतो बाई."

"कोट कुणी नेला असेल?"

"ज्याला गरज असेल त्यानं," आत्या म्हणाल्या. मग माझ्या गालाला हात लावून म्हणाल्या, "तू फार खणतेस. खणणारं माणूस चांगलं असतं. पण घराखाली खणताना वर कोण झोपलंय ते बघावं."

दुसऱ्या दिवशी सकाळी कोट सापडला, आणि त्यानं वहिनींना चावा घेतला.

४

शनिवारी वहिनी रविवारसाठी टेबलक्लॉथ काढायला जिन्यातल्या त्या पेटीशी गेल्या. तळाशी हात घातला आणि घर दणाणेल अशी किंकाळी फोडली. मी पोचले तेव्हा थोरले त्यांच्या बोटाला पट्टी बांधत होते आणि धाकटा कोट झटकत होता.

"झटकू नका!" मी ओरडले.

कोट टेबलावर उलटा पसरला. पाठीवरचं अस्तर खालच्या बाजूनं उसवलेलं होतं. मी आत हात घातला. आत काही नव्हतं. पण बुधवारी जी पाठ जाड लागली होती ती आता पातळ लागत होती, आणि आतल्या कापडावर एक चौकोन आजूबाजूपेक्षा उजळ दिसत होता. काहीतरी खूप वर्षं तिथं निजून होतं, आणि ते आता काढून घेतलेलं होतं.

काढून घेणाऱ्यानं अस्तर परत शिवायलाही घेतलं होतं. बारीक, एकसारखे हातटाके, निळ्या रेशमी दोऱ्यात. निम्मं अस्तर शिवून झालेलं. आणि मग टाके मध्येच थांबलेले. वहिनींना चावणारी सुई तिथंच होती.

"शिंप्याच्या घरात कोटात सुई!" काजवाले काका कपाळाला हात लावून म्हणाले. "मोठ्या मालकांनी हाकलून दिलं असतं."

मी सुईकडे नीट पाहिलं. ती घाईत टाकलेली नव्हती. अस्तरात दोनदा खोवलेली होती, आणि उरलेला दोरा तिच्याभोवती आठाच्या आकड्यात हळुवार गुंडाळलेला होता.

मी सुईला हात लावला नाही. आत्या वर खोलीत होत्या. मी थोरल्यांना म्हटलं, "दुपार कलल्यावर सगळ्यांना टेबलापाशी बसवा. आत्यांना बोलवू नका. त्या येतील तेव्हा येतील."

५

चौघं बसले. मधे कोट, त्यात सुई जशीच्या तशी.

"आधी एक कचरा काढून टाकू," मी म्हणाले. "काका, बुधवारी कुठं होता?"

काकांनी डावा डोळा चोळला. मग म्हणाले, "डोळ्यांच्या डॉक्टरकडे. डावा गेलाच म्हणाले. उजव्याचं काही सांगता येत नाही. मालकांना कळलं तर काजं कोण देणार मला?"

थोरले उठले, त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले. "काका, तुम्ही डोळे मिटून काढलेलं काज माझ्या उघड्या डोळ्यांच्या काजाहून सरळ असतं. उद्यापासून मी सुया ओवून देईन. विषय संपला." काकांनी नाक पुसलं. वहिनींनीही पुसलं, आणि बोट दुखतंय म्हणाल्या.

"आता ही सुई बघा," मी म्हणाले. "काकांच्या एका डोळ्यानं निळ्यावर निळा टाका दिसणं कठीण, म्हणजे काका नाहीत. वहिनींना साधी गुंडी लावता येत नाही."

"सांगायलाच हवं होतं का?" वहिनी म्हणाल्या.

"धाकटा मशीनशिवाय शिवत नाही, आणि त्यानं कोट उसवला नसता, अख्खा नेला असता. राहिले थोरले. टाक्याचा हात त्यांच्यासारखाच आहे. पण थोरले कोटात सुई ठेवून उठतील?"

"मेलो तरी नाही," थोरले म्हणाले.

"म्हणजे बघा. उत्तम शिवणारा माणूस, निम्मं शिवून, सुई नीट खोवून, शांतपणे उठतो. कुणी आलं म्हणून पळालेला नाही. अंधार झाला म्हणूनही नाही, कारण जिन्यातला दिवा घरात सगळ्यात मोठा आहे. मग का थांबला?"

थोरले सुईवरच्या दोऱ्याकडे निरखून बघत होते.

"जगात काही माणसं अशी आहेत की शुक्रवारी सूर्य मावळला की हातातलं काम जिथं असेल तिथं ठेवतात. टाका अर्धा असला तरी. आणि शनिवारी रात्र पडून आभाळात तीन तारे दिसले की मग उचलतात. हीच माणसं लोकरीत लिनन मिसळत नाहीत, रक्ताचं अंडं खात नाहीत, आणि कबरीवर खडे ठेवतात." मी थोरल्यांकडे पाहिलं. "तुमचे आजोबा ज्यू होते."

थोरले कोटाच्या बाहीवर हात ठेवून बसले होते, एखाद्या आजाऱ्याच्या हातावर ठेवावा तसा.

"आणि शुक्रवारी डोळे कुणाचे चालत नाहीत?" वहिनींनी हळूच विचारलं. त्यांना उत्तर आधीच कळलं होतं.

"बुधवारी दिव्याखाली चष्म्याविना सुई ओवतात, शुक्रवारी मात्र डोळे थकतात," मी म्हणाले. "पण मी नाव घेणार नाही. आपण दिवेलागणीपर्यंत बसू. ज्यानं काम अर्ध्यावर टाकलंय, ते माणूस येऊन ते पुरं करील."

आम्ही बसून राहिलो. खिडकीतलं आभाळ निळं झालं, मग काळपट. धाकटा तारे मोजायला दोनदा खिडकीशी जाऊन आला. दिवा लावायला कुणी उठलं नाही. आणि मग जिन्यावर पावलं वाजली.

६

"माझी सुई कुणी हलवली तर नाही ना?" आत्यांनी विचारलं.

थोरल्यांनी दिवा लावला. आत्या खुर्चीत बसल्या, कोट मांडीवर ओढून घेतला, दोरा सोडवला. एक टाका घातला. दुसरा घालता येईना. मग त्यांनी शालीच्या आतून एक घडी काढून कोटावर ठेवली. पांढरं, पिवळट पडलेलं सुती कापड, डोकं जाईल एवढं मधे भोक, सदऱ्याच्या आत घालायचं. कोपऱ्यांना पांढऱ्या दोऱ्यांचे, गाठी मारलेले गोंडे.

"आमच्यातले पुरुष घालतात तसं बाबा हे रोज आतून घालायचे," त्या म्हणाल्या. "तिकडे असताना. इथं आल्यावर त्यांनी हे कोटात शिवलं आणि मला समोर बसवून सांगितलं, 'हे आत राहील. तू उसवायचं नाहीस आणि कुणाला उसवू द्यायचं नाहीस. आपल्याला शोधणारे पुन्हा दारं ठोठावत आले, तर या घरात त्यांना काही सापडता कामा नये.' मी शब्द दिला. सात वर्षांची होते."

"आत्या, एवढी वर्षं तू एकटीनं..." थोरले खुर्ची पुढं ओढत म्हणाले.

"तुझ्या बापालाही सांगितलं नाही. तो इथं जन्मलेला, निर्धास्त होता. त्याला कशाला भिववू? मी आपली शुक्रवारी डोळे दुखवून घ्यायची. तेवढंच जमलं." त्या माझ्याकडे वळल्या. "तू उसवते म्हणालीस. म्हटलं, आपणच काढून घ्यावं, अस्तर परत शिवावं आणि कोट टांगून ठेवावा. मी गेल्यावर माझ्याबरोबर ठेवायला सांगणार होते हे. कपाट पुसलं, कारण फार धूळ होती. लाज वाटली मला."

"आत्या," धाकटा म्हणाला, "हा कोपरा रिकामा का?"

मीही तेच पाहत होते. गोंडे तीन होते. चौथ्या कोपऱ्यावर कातरीची जुनी खूण होती.

आत्यांनी तो कोपरा मुठीत घेतला. "मला एक बहीण होती. पाळण्यातली. आई तिच्या बाळंतपणात गेली. आम्ही तिघं पळालो, गाडीत कापडाच्या गठ्ठ्यांखाली, आणखी पाचसहा माणसं होती. ती रडायची. बाळच ते. माणसं म्हणायला लागली, हिच्यापायी सगळे मरू. वाटेत एका गावी बाबा तिला घेऊन उतरले आणि रिकाम्या हातांनी परत आले. म्हणाले, चांगल्या घराच्या दारात ठेवलीय, परत येऊन घेऊ. आणि कातरीनं हा गोंडा कापून..."

मला पुढचं ऐकू येईनासं झालं.

"...तिच्या मनगटाला बांधलाय, म्हणजे ओळखता येईल. मग रस्ते बंद झाले. पुढं बाबा एकदा गेले होते, तर ती गल्लीच उरली नव्हती." आत्यांनी डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. "तिचं नाव मी कधी मोठ्यानं घेतलं नाही. शब्द दिला होता ना. रोज झोपताना मनात घेते. तिला नावानं हाक मारणारी या जगात मी एकटी उरलेय. मी गेले की ते नावही गेलं. बाकी कशाचं मला काही वाटत नाही."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं लोक हसत हसत म्हणतात. मला हसू आलं नाही. मी पिशवीत फोन शोधत होते आणि तो हाताला लागत नव्हता.

७

"आता काय?" मनगटवाली फोनवर खेकसली. तिची भाषा मला मोडकीतोडकी येते, पण वैताग कुठल्याही भाषेत कळतो. "या महिन्याचं नाही सांगून झालंय तुझं."

"गोंडा जवळ आहे?"

"असतोच."

"चेहरा दिसेल असा फोन धर. आणि गोंडा समोर आण."

पडद्यावर एक सुरकुतलेला, संशयी चेहरा आला, आणि मग त्याच्यापुढं एक हात. मनगटाभोवती साखळीत ओवलेला पांढऱ्या दोऱ्यांचा झुबका, त्याच गाठी. मी काही न बोलता फोन आत्यांच्या समोर धरला.

आत्यांनी पडद्याकडे पाहिलं, मांडीवरच्या कापडाकडे पाहिलं, आणि तो रिकामा कोपरा उचलून पडद्यापाशी, त्या गोंड्याशेजारी धरला. रक्ताच्या तपासण्या, कागदपत्रं वगैरे सोपस्कार पुढं झालेच, पण त्यांची वाट कुणी पाहिली नाही. दोघींचं नाक एकच होतं.

"कोण ही?" मनगटवालीनं मला विचारलं. आवाजातलं खेकसणं गेलं होतं. "कोण आहे ही बाई?"

"जिला तुझं नाव माहीत आहे," मी म्हणाले.

मी आत्यांकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. शब्द दिला होता ना. थोरले त्यांच्या खुर्चीशी खाली बसले, म्हणाले, "आत्या, दारं ठोठावायला कुणी आलं तर उघडायला मी आहे. तू हाक मार."

आणि आत्यांनी हाक मारली.

ते नाव मी इथं लिहीत नाही. ते ऐकायला तिनं जन्म काढला होता, तेव्हा ते तिचं तिच्यापाशीच राहू दे. पलीकडे तिनं गोंडा मुठीत घट्ट धरला. मग तिनं ते सावकाश उच्चारून पाहिलं, नवा कपडा आरशापुढं अंगाला लावून पाहावा तसं. पुन्हा म्हणाली. मग आत्यांनी पुन्हा हाक मारली, आणि तिनं ओ दिली. वहिनी पदराची पर्वा न करता ढसाढसा रडत होत्या, आणि काजवाले काका अंगुस्तान घातलेल्या बोटानं उजवा डोळा पुसत होते.

"मला तिची भाषा येत नाही," आत्या मला म्हणाल्या. "तू विचार तिला."

"काय विचारू?" मी म्हणाले. एवढ्या वर्षांचं काय विचारायचं असतं? कशी वाढलीस, कुणी वाढवलं, आमचा राग आला का?

"जेवलीस का, ते विचार."

मी विचारलं. ती रडता रडता हसली. म्हणाली, "नाही अजून. आज भूकच नव्हती."

मी ते सांगितलं मात्र, आत्या कोट सारून ताडकन उभ्या राहिल्या. "भूक नव्हती? या वयात उपाशी बसते? सांग तिला, आधी उठ, दोन घास खा, आणि मग बोल माझ्याशी!"

आणि उभ्या जन्मात पहिल्यांदाच आत्या आपल्या धाकट्या बहिणीला रागावल्या.